पंचेचाळीस अंशांतली फॅशन

एप्रिल-मेमध्ये जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की कॉलेजला, क्लासला, नोकरीला निघालेल्या आम्ही सगळ्या सारख्याच दिसायला लागतो. अंगात फिक्या फुलांचा सनकोट, हातात मोजे, डोक्यापासून हनुवटीपर्यंत घट्ट गुंडाळलेला स्कार्फ आणि त्यावर गॉगल. सिग्नलला शेजारच्या स्कूटीवर जवळची मैत्रीण असली तरी चेहरा दिसत नाही. ओळख पटते ती स्कार्फच्या गाठीवरून. कुणी ती मानेमागे मारते, कुणी कानाच्या वर, कुणी गाठ न मारता टोक आत खोचते. धुळ्याची माझी मामेबहीण दोन स्कार्फ वापरते, एक कपाळावर पट्टीसारखा आणि दुसरा नाकावरून. या गाठी आम्हाला कुणी शिकवल्या नाहीत, कुठल्या मासिकातही त्या मला सापडल्या नाहीत. ही आमची फॅशन आहे, असं मी ठामपणे म्हणते.

मासिकं मला मनापासून आवडतात. आमच्या घरी 'मेनका', 'माहेर' वाचनालयातून यायचे, पार्लरमध्ये नंबर लागेपर्यंत 'फेमिना' चाळायला मिळायचा. किर्लोस्करांचं 'स्त्री' १९३० साली निघालं, 'फेमिना' १९५९ साली. बाईनं काय वाचावं, काय नेसावं याची छापील चर्चा आपल्याकडे इतकी जुनी आहे. तरी उन्हाळी कपड्यांचं पान उघडावं, तर ते मुंबईच्या दमट हवेसाठी लिहिलेलं असतं: बिनबाह्यांचे ड्रेस, मोठे गळे. आमच्या कोरड्या झळांमध्ये उघडं अंग भाजून निघतं. इथे झाकलं तरच गारवा. लांब बाह्या आणि गुंडाळलेलं तोंड बघून जे इथल्या मुलींना मागासलेलं ठरवतात, त्यांना या उन्हाची कल्पना नसते. मे महिन्यात दुपारी दोन वाजता एरंडोल ते पारोळा दुचाकीवर गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

मला खरा राग येतो तो कापसाच्या बाबतीत. खान्देश हा कापसाचा मुलूख. अमळनेरला प्रताप मिल होती, धुळ्याला न्यू प्रताप मिल, जळगावात खान्देश मिल. त्या खान्देश मिलच्या जागेवर आता खान्देश सेंट्रल आहे. शेतात पांढरं सोनं पिकवणाऱ्या घरांतल्या बायका मात्र अंगावर सुरतेचं पॉलिस्टर घालून घामानं भिजतात. सुरत आम्हाला नात्यानंही जवळची. उधना, लिंबायत या भागांत खान्देशातून गेलेली हजारो कुटुंबं कापडाच्या धंद्यात राबतात. माझी एक मावशी तिकडेच असते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येताना ती साड्यांचा गठ्ठा घेऊन येते. दुपारी ओसरीवर गठ्ठा सुटतो. प्लॅस्टिकची कडक पिशवी, आत पुठ्ठ्यावर घडी घातलेली जॉर्जेट, कोपऱ्यात सोनेरी स्टिकर, आणि उघडताच येणारा तो नव्या रंगाचा उग्र वास. आई पदर तळहातावर घेऊन उजेडात धरते, मोठी माय लांबूनच सांगते, "हाऊ रंग तुले शोभस." पाचेक मिनिटांत साड्यांची वाटणी होते आणि त्या आनंदात माझं सुती साड्यांचं भाषण कुणी ऐकत नाही.

आई त्यावर एवढंच म्हणते की, ही धुतली की तासाभरात वाळते, सुतीला खळ कोण करणार आणि इस्त्री कोण फिरवणार? तिचं चुकत नाही. सुती साडीचा रुबाब टिकवायला कुणालातरी राबावं लागतं, आणि ते राबणं घरातल्या बाईच्याच वाट्याला येतं. शहरातली मासिकं हातमागाच्या साडीचं कौतुक छापतात तेव्हा खळीच्या पातेल्याजवळ उभी असलेली बाई त्या फोटोत नसते. म्हणून सुती कपड्याचा आग्रह धरायचा तर त्याबरोबर घरातल्या कामाच्या वाटणीचाही धरायला हवा. आमच्याकडे आता इस्त्री भाऊ करतो. हे एकदम झालं नाही, पण झालं.

सुती साडी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर स्मिता पाटील येते. तिचे वडील शिवाजीराव पाटील धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचे, म्हणजे ती आमच्या खान्देशाची लेक. दूरदर्शनवर बातम्या देताना ती जीन्सवरच साडी गुंडाळून बसायची, असं सांगतात. कपडा आपल्या सोयीनं वापरायचा असतो हे तिला किती लवकर कळलं होतं! १९७७ साली तिचे 'भूमिका' आणि 'जैत रे जैत' आले. 'भूमिका'नं तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९७५ मध्ये, 'फेअर अँड लव्हली' बाजारात आली होती. एकीकडे गोरं करणारी ट्यूब आणि दुसरीकडे सावळ्या चेहऱ्यानं पडदा व्यापणारी ही बाई. १९८६ मध्ये, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी ती गेली. ट्यूब अजून आहे, २०२० मध्ये तिच्या नावातलं फक्त 'फेअर' गेलं. आमच्याकडच्या लग्नाच्या बायोडेटात 'रंग' हा रकाना तसाच असतो आणि सावळी मुलगी तिथे 'गव्हाळ' लिहिते. तो रकानाच काढून टाकावा, असं मी माझ्या घरी सांगितलंय, आणि माझ्या बायोडेटात तो नाही.

बाईकडे कुणाच्या नजरेनं बघितलं जातं, ते आमच्या गाण्यांतही दिसतं. 'हाई झुमकावाली पोर' हे अहिराणी गाणं गाजलं तेव्हा मला खरोखर भरून आलं होतं. कॉलेजात अहिराणी बोललं की गावठी ठरवणारी मुलं गॅदरिंगला त्याच गाण्यावर नाचताना मी पाहिली आहेत. एका गाण्यानं बोलीला हा मान दिला, त्याचं मोल मी कमी लेखणार नाही. तरी अशी बहुतेक गाणी मुलाच्या तोंडची असतात. तो तिचा झुमका बघतो, चाल बघतो, मागे लागतो. तिला तो झुमका का आवडला, याचा पत्ता नसतो. आखाजीच्या झोक्यावरची, कानबाईच्या सणाची गाणी मात्र बायकांचीच. त्यांनीच रचलेली, त्यांनीच गायलेली. त्यात सासर-माहेर, भाऊ, बांगड्या, रुसवे-फुगवे सगळं त्यांच्याच तोंडून येतं. त्या बायकांच्या नातींनी आता मोबाइल समोर ठेवून, सनकोट घालून, अहिराणीत आपलं गाणं करावं. त्यात जळगावच्या फुले मार्केटमधली घासाघीस यावी, शिंप्याशी बाहीच्या लांबीवरून झालेला वाद यावा, रंगाच्या रकान्यावर मारलेली फुली यावी. चाल लावायला माझ्या दोन मैत्रिणी तयार आहेत, शब्द मी लिहायला घेतले आहेत.