लिमा रॉकचं टोक

मुसंदममध्ये डाइव्ह कशी होणार, याचा अंदाज मी आधी डोंगराकडे बघून बांधतो. ओमानचं हे उत्तर टोक होर्मुझच्या सामुद्रधुनीत घुसलेलं आहे. चुनखडीचे कडे थेट समुद्रातून उठतात आणि आत जबल हारीम दोन हजार मीटरच्याही वर जातो. अरबी भूपट्ट इराणच्या बाजूने युरेशियाखाली रेटला जातो आहे, त्यामुळे हा सगळा मुलूख सावकाश खचतो आहे आणि समुद्र जुन्या दऱ्यांमध्ये शिरला आहे. म्हणजे होडीतून दिसतो तोच कडा पाण्याखाली पुढे चालू राहतो. वर थर तिरके असतील तर खाली तिरक्या कपारी सापडतात. वर दरड कोसळल्याची खूण असेल तर खाली घराएवढे धोंडे, आणि त्यांच्या फटींतून तोंड काढून बसलेल्या वामी. नव्या जागी उतरायच्या आधी मी बराच वेळ नुसता कडा बघत बसतो.

मग पाणी. भरती-ओहोटीला या अरुंद सामुद्रधुनीतून पाण्याची ये-जा चालते आणि किनाऱ्याच्या प्रत्येक सुळक्याशी ते अडतं, वळतं, जोर धरतं. कोकणातले मच्छीमार अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीचा भांग बघून जाळं टाकतात. दिब्बा या किनाऱ्यावरच्या गावाहून होडी ठरवताना मीही तिथीच बघतो. भांगाच्या दिवसांत लिमा रॉक या खडकाळ बेटाच्या टोकावरसुद्धा निवांत रेंगाळता येतं. उधाणाला तिथे कसलेला पाणबुडाही खेचला जातो.

ही ओढ नको असेल त्याने खोरांच्या, म्हणजे समुद्र शिरलेल्या त्या जुन्या दऱ्यांच्या, आत राहावं. तिथलं पाणी तळ्यासारखं असतं, डॉल्फिन दिसतात, फिरायला येणारे खूश होतात. खोर अश-शम म्हणजे जुन्या इंग्रजी नकाशांवरचं एल्फिन्स्टन इनलेट. मुंबईकराला हे नाव परकं वाटू नये. हिंदुस्थान आणि युरोप जोडणारी तारायंत्राची केबल १८६४ मध्ये इथल्याच एका छोट्या बेटावर आणली होती. किनाऱ्यावरच्या टोळ्यांच्या धास्तीने बेट निवडलं, पण तिथलं तारेचं ठाणं काही वर्षांतच उठलं. केबलला स्थिर पाणी मानवतं. मऊ प्रवाळांचं तसं नाही. त्यांना जागा सोडता येत नाही, अन्नच त्यांच्यापर्यंत वाहत यावं लागतं. म्हणून जांभळ्या-पिवळ्या प्रवाळांची सगळ्यात दाट झुडपं टोकांवर आहेत, जिथे पाणी कधी स्वस्थ बसत नाही. ओढ लागली की ती फुगतात, त्यांचे पॉलिप उघडतात. तो क्षण बघायचा असेल तर ओढीच्या कडेला, पण तिच्या हाती न लागता राहता आलं पाहिजे. माझ्या लेखी या किनाऱ्यावरची खरी विद्या तेवढीच आहे.

ती शिकवतात मासे. अँथियासचा नारिंगी थवा खडकापासून लांब, सैल पसरलेला असेल तर प्रवाह मंद आहे. सगळ्यांची तोंडं एका दिशेला वळली आणि थवा खडकाला बिलगला, की जोर वाढला. बुडबुडे आडवे जाऊ लागले तर आणखी जपायचं. खालीच जाऊ लागले तर लगेच कडा गाठायचा. नवखा माणूस अशा वेळी जिवाच्या आकांताने फिन्स मारतो. २० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट, म्हणजे तेवढ्याच श्वासाला टाकीतली हवाही तिप्पट लागते. त्यात धाप लागली की काटा बघता बघता उतरतो. मी त्याचा हात धरून धोंड्याच्या आडोशाला नेतो. तिथे पाणी जवळजवळ थांबलेलं असतं. उच्छ्वास लांबवायची खूण करतो. तो सावरला की दोघं कडेवरून डोकं काढतो: समोर स्नॅपरचा थवा, मागे बॅटफिश, आणि नशीब असेल तर प्लवकांनी हिरवट झालेल्या पाण्यातून येणारा व्हेल शार्क. पाणी नितळ नाही म्हणून कुरकुरणाऱ्यांना मी सांगतो, हा प्रचंड मासा त्या गढूळपणासाठीच इथे येतो.

तेच प्लवक जीवही घेतात. जून २००७ मध्ये गोनू चक्रीवादळाने इथले प्रवाळ मोडले आणि २००८ च्या सुमारास सुरू झालेल्या प्लवकांच्या लाल भरतीने काही महिने पाणी व्यापलं. दिब्ब्याच्या आसपास फांद्यांचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर गेले. त्यामुळे आज एखाद्या धोंड्यावर मुठीएवढी नवी फांदी दिसली, तर मी सगळ्यांना तिच्यापासून हातभर लांबून नेतो. तिथे कुणाचा फिन लागणं मला खपत नाही.

लिमा रॉकला पूर्ण वळसा घालायचा हट्ट गटात कुणी ना कुणी धरतंच. उधाण असेल तर मी दक्षिण बाजूला उतरवतो, टोकाच्या अलीकडून परत फिरवतो, टाकीत १०० बार दाब उरला की वळतो. नारिंगी बोया वर सोडून ५ मीटरवर तीन मिनिटं थांबतो आणि टाकीत ५० बार असतानाच वर येतो. होडीवाल्याला तसंच सांगितलेलं असतं. तो त्याच बाजूला आमच्यावर नजर ठेवून असतो. वळसा हवाच असेल त्याला मी पुढच्या अष्टमीची तारीख देतो, आणि त्या दिवशी स्वतः घेऊन जातो.