कोआलाचं पोट आणि आपलं अँटिबायोटिक



निलगिरीच्या तेलाची छोटी बाटली आपल्याकडे बऱ्याच घरांत सापडते. सर्दी झाली की रुमालावर दोन थेंब टाकायचे आणि वास घ्यायचा. वासापुरतं ते ठीक आहे. पण हेच तेल लहान मुलाच्या पोटात थोडंसं जरी गेलं, तरी गुंगी येऊ शकते, झटके येऊ शकतात. म्हणून ती बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, असं मी पालकांना नेहमी सांगतो.

आता गंमत बघा. निलगिरीची झाडं मूळची ऑस्ट्रेलियाची आणि तिथे एक प्राणी जवळजवळ फक्त निलगिरीची पानं खाऊन जगतो. त्याचं नाव कोआला. दिसायला अस्वलाच्या पिल्लासारखा, पण अस्वल नव्हे. कांगारूसारखा पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवणारा हा प्राणी दिवसातले वीसेक तास झोपतो आणि उरलेल्या वेळात पानं चघळतो. आपल्याला जे विष, ते त्याचं रोजचं जेवण!

हे त्याला कसं जमतं, याचं उत्तर मला डॉक्टर म्हणून फार महत्त्वाचं वाटतं. कारण ते समजलं की आपण खातो त्या गोळ्यांबद्दलही बरंच काही समजतं.

पहिला वारसा: लिव्हर

२०१८ साली शास्त्रज्ञांनी कोआलाची संपूर्ण जनुकीय माहिती प्रसिद्ध केली. त्यात एक गोष्ट ठळकपणे दिसली. विषारी पदार्थ आणि औषधं यांचा निचरा करणारी एन्झाइम्स लिव्हरमध्ये असतात. त्यातल्या एका महत्त्वाच्या गटाला सीवायपी-२सी म्हणतात. माणसात या गटाची चार जनुकं आहेत. कोआलात तशी ३१ सापडली.

एवढी कुठून आली? पिढ्या पुढे सरकताना कधी कधी एखाद्या जनुकाची जास्तीची प्रत तयार होते. बहुतेक वेळा तिचा काही उपयोग नसतो. पण विषारी पानांवर जगणाऱ्याला ती उपयोगी पडली, तर तो प्राणी तगतो आणि ती प्रत त्याच्या पिल्लांकडे जाते. असं लाखो वर्षं चालत राहिलं. उत्क्रांती म्हणतात ती हीच.

याचा एक परिणाम प्राण्यांच्या डॉक्टरांना रोज भोगावा लागतो. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक औषध तुमच्यापैकी काहींनी घेतलं असेल. कोआलाचं लिव्हर ते इतक्या झपाट्याने बाहेर टाकतं, की त्याचा फारसा उपयोग होत नाही.

माणसामाणसांतही असा फरक असतो, फक्त लहान प्रमाणात. अँजिओप्लास्टीनंतर रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून क्लोपिडोग्रेल देतात. याच गटातलं एक एन्झाइम त्या गोळीला शरीरात कामाला लावतं. काही लोकांत ते जन्मतःच मंद असतं आणि त्यांना गोळीचा परिणाम कमी मिळतो. म्हणूनच शेजाऱ्याला लागू पडलेलं औषध आणि डोस तुम्हालाही लागू पडेल, असं धरून चालू नका.

दुसरा वारसा: आईकडून मिळालेले सूक्ष्मजीव

लिव्हरने विषाचा बंदोबस्त केला, पण पोषणाचं काय? निलगिरीच्या पानांत प्रथिनं कमी आणि टॅनिन भरपूर. चहा फार उकळला की जिभेला जो तुरटपणा लागतो, तो टॅनिनसारख्या पदार्थांचा. टॅनिन प्रथिनांना धरून ठेवतं, त्यामुळे ती पचत नाहीत. यावर कोआलाच्या स्वतःच्या जनुकांकडे पुरेसा उपाय नाही. तो त्याच्या आतड्यातल्या सूक्ष्मजीवांकडे आहे.

आपलं अपेंडिक्स मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या ज्या पिशवीला चिकटलेलं असतं, ती पिशवी कोआलात सुमारे दोन मीटर लांब असते. त्यात कोट्यवधी जिवाणू पानं आंबवत बसलेले असतात. टॅनिन आणि प्रथिनांची गाठ सोडवणारा त्यांतला एक जिवाणू १९९५ साली शास्त्रज्ञांनी नोंदवला. ब्रिस्बेनच्या लोन पाइन कोआला अभयारण्यावरून त्याला लोनपिनेला असं नाव मिळालं.

हे जिवाणू पिल्लाला जन्मतः मिळत नाहीत. जन्मताना पिल्लू जेमतेम दोन सेंटीमीटरचं असतं आणि पुढे सुमारे सहा महिने पिशवीत फक्त दूध पितं. मग पानं खायची वेळ जवळ आली की आई एक वेगळीच पातळ विष्ठा टाकते. तिला पॅप म्हणतात. पिल्लू ती खातं. आपल्याला किळस वाटेल, पण त्यातूनच आईचे जिवाणू पिल्लाच्या पोटात पोचतात आणि पानं पचवायची तयारी होते.

म्हणजे वारसे दोन झाले. जनुकांचा वारसा तयार व्हायला लाखो वर्षं लागतात, पण तो सहजासहजी जात नाही. जिवाणूंचा वारसा दर पिढीला नव्याने हाती द्यावा लागतो आणि तो हरवायला थोडे दिवसही पुरतात.

तो हरवतो कसा?

कोआलांमध्ये क्लॅमिडिया या जिवाणूचा मोठा संसर्ग आहे. त्याने ते आंधळे होतात, वंध्यत्व येतं. उपचार अर्थातच अँटिबायोटिकचा. त्यात क्लोरॅम्फेनिकॉल वापरतात, जे आपल्याकडे पूर्वी टायफॉइडला सर्रास दिलं जायचं. पण औषध क्लॅमिडियाला मारतं तसं आतड्यातल्या जिवाणूंनाही मारू शकतं. मग संसर्ग आटोक्यात येत असतानाच प्राणी खाणं सोडतो. समोर पानं असतात, पण पचवणारे उरलेले नसतात. काही कोआला यातच दगावतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उपचारानंतर जगलेल्या आणि दगावलेल्या कोआलांमधला फरक ज्या जिवाणूशी सर्वांत जास्त जोडलेला दिसला, तो लोनपिनेलाच होता.

म्हणून तिथले डॉक्टर अँटिबायोटिक देणं बंद करत नाहीत. आजारच जीवघेणा असेल तर ते द्यावंच लागतं. पण प्रत्येक डोसची किंमत त्यांना माहीत असते.

गेलेलं परत आणता येतं का?

व्हिक्टोरिया राज्यात केप ऑटवे नावाची जागा आहे. तिथे कोआला इतके वाढले की त्यांनी त्यांची आवडती मॅना गम ही निलगिरी पार ओरबाडून टाकली आणि २०१३ च्या सुमारास मोठ्या संख्येने ते उपासमारीने मेले. शेजारी मेसमेट नावाची दुसरी निलगिरी उभी होती, पण बहुतेकांनी तिला तोंड लावलं नाही.

शास्त्रज्ञांनी मग मेसमेट खाणाऱ्या कोआलांची विष्ठा कॅप्सूलमध्ये भरून मॅना गम खाणाऱ्या काही कोआलांना दिली. ज्यांच्या पोटातले जिवाणू जास्त बदलले, ते मेसमेट जास्त खाऊ लागले. जनुकं तीच होती, बदलले होते पोटातले पाहुणे.

माणसातही ही कल्पना वापरली जाते. जास्त अँटिबायोटिकनंतर काहींना क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूमुळे वारंवार तीव्र जुलाब होतात. अशांना निरोगी दात्याच्या विष्ठेतले, नीट तपासलेले जिवाणू दिले तर चांगला गुण येतो, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. हा हॉस्पिटलमधला उपचार आहे. घरी प्रयोग करण्याची गोष्ट नव्हे!

मग आपण काय करायचं?

आपण कोआला नाही. आपण अनेक प्रकारचं अन्न खातो, त्यामुळे एका कोर्सने आपण उपाशी मरत नाही आणि बरेचसे जिवाणू काही आठवड्यांत परततात. पण सगळेच परततात असं नाही. "डॉक्टर, अँटिबायोटिक घेतलं तर नुकसान काय?" असं कुणी विचारलं की मला हेच सांगायचं असतं. नुकसान होतं, ते लगेच दिसत नाही इतकंच.

म्हणून एवढं पाळा:

- साधी सर्दी, फ्लू यांना अँटिबायोटिक मागू नका. ते व्हायरसवर चालत नाही.
- मागच्या वेळची उरलेली गोळी किंवा दुकानदाराने सुचवलेली गोळी मनाने घेऊ नका.
- न्यूमोनिया, टायफॉइड, लघवीचा संसर्ग अशा आजारांत डॉक्टरांनी दिलेलं अँटिबायोटिक मात्र घाबरून टाळू नका. सांगितलेले दिवस पूर्ण करा.
- गोळ्या चालू असताना जुलाब वाढले, ताप आला किंवा शौचात रक्त दिसलं तर लगेच कळवा.
- जिवाणूंना त्यांचं जेवण द्या: डाळी, उसळी, भाकरी, भाज्या, फळं. प्रोबायोटिकच्या पुडीत मोजक्याच जाती असतात, संपूर्ण वस्तीची जागा ती घेऊ शकत नाही.
- बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्या. त्यातल्या काही शर्करा बाळाला स्वतःला पचत नाहीत. त्या त्याच्या आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंसाठी असतात.

कोआलाची आई आपल्या पिल्लाला न मोजता येणारी एक ठेव देते. तशी ठेव आपल्यालाही मिळाली आहे. गरज असेल तेव्हा ती जरूर खर्च करा, पण प्रत्येक शिंकेवर नको.