विषय ठरला

एम.टेक.च्या प्रबंधाचा विषय अखेर ठरला: राजकालुवे, म्हणजे बंगळूरचे तलाव एकमेकांना जोडणारे जुने नाले. सप्टेंबर 2022 मध्ये तिथल्या सर्जापूर रोडचा परिसर पाण्याखाली गेला, लोक ट्रॅक्टरवर बसून ऑफिसला गेले, आणि बोल मात्र पावसाला. तिथल्या कैकोंड्रहळ्ळी तलावाचं पाणी सौळ केरे तलावात, तिथून बेळंदूर तलावात, मग वर्तूर तलावात जातं. जमिनीचा उतार आजही तोच आहे. पाण्याची वाट मात्र जागोजागी बांधकामांनी आवळलेली. गाईड म्हणतात, अख्खं शहर नको, एकच नाला घे. पटतं, पण मोह सुटत नाही! आई फोनवर म्हणाली, "एवढं शिकून गटारं मोजणार?" होय, मोजणार. पावसाळ्याआधीच मापं घ्यायला हवीत. नंतर नाल्यात उतरता येत नाही.