नफा त्यांचा, जोखीम आपली

आमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर राजकारण निघालं की पाच मिनिटांत दोन तट पडतात. एक म्हणतो, सगळं खाजगी कंपन्यांना देऊन टाका, सरकारला काही जमत नाही. दुसरा म्हणतो, कंपन्या म्हणजे चोरांचा बाजार. मग कुणीतरी डब्यातलं लोणचं पुढे करतं आणि विषय संपतो. मी हल्ली गप्प बसतो. कारण मला जी चीड येते ती या दोन्ही तटांत कुठेच बसत नाही. ती नीट सांगायची तर एन्रॉनची गोष्ट सांगावी लागेल. तुमच्यातले निम्मे तेव्हा जन्मलेही नसाल, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

जून १९९२. एन्रॉन ही अमेरिकन कंपनी आणि महाराष्ट्र राज्य वीज मंडळ यांच्यात गुहागर तालुक्यातल्या दाभोळ प्रकल्पासाठी प्राथमिक करार झाला. निविदा वगैरे काही नाही. १९९३ मध्ये जागतिक बँकेने सांगितलं की हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, वीज गरजेपेक्षा जास्त आणि महाग होईल. (जागतिक बँक! म्हणजे कुणी झोळीवाले कार्यकर्ते नव्हेत.) तरी डिसेंबर १९९३ मध्ये वीज खरेदीचा करार झालाच. तेव्हा राज्यात काँग्रेसचं सरकार होतं, मुख्यमंत्री शरद पवार.

करार कसा होता? समजा तुमच्या सोसायटीने पाण्याचा टँकर ठरवला. पाणी घ्या न घ्या, टँकर भरून गेटवर उभा असला की त्याचा ठरलेला आकार द्यायचाच. डिझेल महागलं तर वाढीव पैसे तुमचे. भाडं डॉलरला बांधलेलं, म्हणजे रुपया घसरला तरी भुर्दंड तुमचाच. आणि तुम्ही नाही दिले तर तुमचे वडील देतील, वडिलांनी नाही दिले तर आजोबा देतील, असं आधीच लिहून दिलेलं. इथे वडील म्हणजे राज्य सरकारची हमी आणि आजोबा म्हणजे केंद्र सरकारची प्रतिहमी.

आता मला सांगा, यात टँकरवाल्याची जोखीम कुठली? भांडवलशाहीत जो धोका पत्करतो त्याला नफा मिळतो, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. इथे धोका तुमचा-माझा आणि नफा तेवढा त्यांचा. याला भांडवलशाही तरी कसं म्हणायचं?

आता राजकारणाकडे या. १९९५ च्या निवडणुकीत गोपीनाथ मुंडे यांनी एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची घोषणा केली. लोकांनी मतं दिली, युतीचं सरकार आलं. ऑगस्टमध्ये मनोहर जोशींच्या सरकारने प्रकल्प रद्दही केला. टाळ्या! मग वाटाघाटी सुरू झाल्या आणि जानेवारी १९९६ पर्यंत प्रकल्प समुद्रातून वर आला, तोही आधीपेक्षा मोठा होऊन. पूर्वी दुसरा टप्पा घ्यायचा की नाही हे मंडळाच्या हातात होतं, आता तोही गळ्यात पडला. दोन्ही मिळून २१८४ मेगावॉट. मे १९९६ मध्ये दिल्लीत वाजपेयींचं तेरा दिवसांचं सरकार आलं. त्याने पायउतार होण्याच्या तोंडावर जी कामं उरकली, त्यांत या प्रकल्पाच्या प्रतिहमीला मंजुरी देण्याचं एक होतं.

म्हणजे बघा, पंजाला मत दिलं तरी एन्रॉन आणि धनुष्यबाणाला किंवा कमळाला दिलं तरी एन्रॉन. माझी चीड नेमकी इथे आहे. मतपेटीतून माणसं बदलली. करार मात्र बदलला तो आणखी वाईट होण्यापुरता.

१९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. वीज इतकी महाग की मंडळाचं कंबरडं मोडलं. मे २००१ मध्ये खरेदी बंद, प्रकल्प बंद. डिसेंबरमध्ये खुद्द एन्रॉनच अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. नंतर २००५ मध्ये सरकारी कंपन्यांनीच तो सांगाडा ताब्यात घेतला. आम्ही कॉलेजात असताना भारनियमनात मेणबत्तीवर सबमिशन पूर्ण करत होतो आणि इकडे कोकणात हा अख्खा कारखाना गंजत पडला होता. या व्यवहारातल्या भ्रष्टाचाराच्या आरोपांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये, फार काळ लोटला म्हणून, बंद केलं. कुणाला काही झालं नाही.

जुनी मढी कशाला उकरतोस, असं म्हणाल. गेल्या वर्षी माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा मित्र गेला. सकाळी अकराला मीटिंग रूममध्ये बोलावलं, दुपारी लॅपटॉप जमा. घरी चार वर्षांची मुलगी आणि वीस वर्षांचं गृहकर्ज. त्या रात्री मी माझं नेमणूकपत्र काढून पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. मला सोडायचं तर ९० दिवस थांबायचं, लवकर सुटायचं तर त्यांच्या मर्जीने. त्यांना मला काढायचं तर काही पगार हातावर ठेवून त्याच दिवशी. धंदा वाढला तर वाढ 'बाजारभावानुसार', धंदा पडला तर आपण बाहेर. कुठेतरी वाचल्यासारखं वाटलं ना? टँकरचाच करार आहे हा, फक्त लेटरहेड वेगळं.

म्हणून मला आता घोषणांचा राग येईनासा झालाय, कंटाळा येतो. ज्यांच्याबद्दल आदर वाटतो ती माणसं वेगळी आहेत. १९९५ मध्ये पुण्यातल्या 'प्रयास' संस्थेच्या गिरीश संत आणि सहकाऱ्यांनी एन्रॉनच्या व्यवहाराचा हिशोब मांडला. संत आयआयटी मुंबईचे इंजिनिअर, म्हणजे तुमच्या-माझ्याच जातकुळीचे. मोर्चात भाषण ठोकण्याऐवजी ते कॅल्क्युलेटर घेऊन बसले. २०१२ मध्ये ते अकाली गेले. पण वीजदर ठरवताना नागरिकांनी आकड्यांनिशी प्रश्न विचारायचे, ही वाट अशाच लोकांनी रुळवली.

ती वाट अजून उघडी आहे. १९९९ पासून आपल्याकडे वीज नियामक आयोग आहे, दरवाढीच्या प्रस्तावांवर तो हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. दुसऱ्याच्या कोडमधला बग शोधायला आपण रात्री जागतो, तर हजारो कोटींचा करार वाचायला एक शनिवार द्यायला काय हरकत आहे?

मी पुढच्या सुनावणीची कागदपत्रं डाउनलोड करून ठेवलीयेत. पानं बरीच आहेत. कुणी येणार असेल तर सांगा, वाटून घेऊ.