विकलं गेलं तेच खरं!

प्रत्येक नोकरदार माणसाला एक तरी खूळ हवंच. कुणी ट्रेकला जातं, कुणी गिटार शिकतं. माझं खूळ खिशात मावतं. जुनी नाणी! आणि नाणी जमवणाऱ्याला पुढचं खूळ आपोआप लागतं, ते म्हणजे डबल झालेली नाणी ऑनलाइन लिलावात टाकायची. टाकणं सोपं आहे हो. फोटो काढा, बेस प्राइस लिहा, सात दिवसांची मुदत द्या. खरं काम आठव्या दिवशी सुरू होतं.

आठव्या दिवशी नाणं विकलं तरी गेलेलं असतं, नाहीतर एकही बोली न लागता मुदत संपलेली असते. बहुतेक जण विकलेलं विसरून जातात आणि न विकलेलं त्याच किमतीला पुन्हा चढवतात. मी मात्र रविवारी रात्री एक साधी एक्सेल शीट उघडतो. नाणं, साल, मागितलेली किंमत, मिळालेली किंमत, तारीख. बस्स! मुदत संपलेल्याला आधी नवा, नीट उजेडातला फोटो. तरी नाही गेलं तर बेस प्राइस खाली. तिसऱ्यांदाही नाही गेलं तर चार-पाच नाण्यांचा एकच लॉट. वाघाचं चित्र असलेला १९४७चा निकेलचा रुपया माझ्याकडून असाच लॉटमध्ये गेला.

एवढा उपद्व्याप कशाला, असं बायको विचारते. कारण साइट काही जन्मभर हिशेब ठेवत नाही. बाझी डॉट कॉम २००४ मध्ये ईबेने घेतली आणि ईबेचं ते भारतातलं दुकान २०१८ मध्ये बंद झालं. माझे तिथले सगळे जुने व्यवहार गेले, शीट राहिली.

तिचा खरा उपयोग मात्र गेल्या दिवाळीत झाला. ऑफिसातल्या मित्राचे बाबा नुकतेच रिटायर झालेले. त्यांच्याकडे २०१२चं वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं होतं. फोनवर कुणीतरी पाच लाख देतो म्हणत होतं. आधी फक्त ‘रजिस्ट्रेशन फी’ भरायची! काका पैसे भरायच्या बेतात होते.

‘‘अरे, जाहिरातींत सगळीकडे लाखातच किंमत आहे,’’ काका म्हणाले.

‘‘आहे ना काका. पण कुणी दिली का?’’

मी शीट उघडली. लाखांच्या सगळ्या ओळींपुढे एकच शेरा: मुदत संपली. विकल्या गेलेल्या ओळींत तेच नाणं दोन-तीन आकड्यांच्या पुढे गेलेलं नव्हतं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये काढलेलं पत्रकही दाखवलं. जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात आमच्या नावाने कुणी फी किंवा कमिशन मागितलं तर फसू नका, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. काका बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी तो नंबर ब्लॉक केला आणि नाणं देवघरात ठेवलं.

मागणारा काहीही मागू शकतो, त्याला पैसे पडत नाहीत. म्हणून फ्लॅट घ्या, सेकंडहँड बाइक घ्या नाहीतर आजोबांचं घड्याळ विकायला काढा, किती मागतायत हे विचारू नका. शेवटचा सौदा कितीला झाला, तेवढं विचारा!