कॅमेरा बदलू की नको?

मंडळी, "सिस्टिम बदलायची का?" हा प्रश्न ऑफिसात पडला की मीटिंग बोलावता येते. घरात पडला की आईला हिशेब द्यावा लागतो!

प्रश्न कॅमेऱ्याचा आहे. माझ्याकडे निकॉनचा जुना डीएसएलआर आणि बाबांची ८०-२०० एफ/२.८ लेन्स. बाबा कोल्हापुरात लग्नांचे फोटो काढायचे, ही लेन्स त्यांनी भिशीच्या पैशातून घेतली. पुण्याहून शनिवार-रविवार घरी आलो की तीच गळ्यात अडकवून शाहू स्टेडियमवर फुटबॉल, रंकाळ्यावर खंड्या आणि जमलं तर दाजीपूरला गवे, असा माझा कार्यक्रम.

आता जमाना मिररलेसचा. सोनीच्या ए९ ने २०१७ मध्ये सेकंदाला २० फोटो काढून दाखवले, तेही व्ह्यूफाइंडर मध्ये काळा न पडता. २०१८ मध्ये निकॉन आणि कॅननही फुलफ्रेम मिररलेससाठी नवे माउंट घेऊन आले. निकॉनचा जुना एफ माउंट १९५९ पासूनचा. एवढी बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी आपल्या कुठल्या सॉफ्टवेअरने पाळलीय?

पण मेख अशी की बाबांच्या लेन्समध्ये मोटर नाही. बॉडीतली मोटर तिचा फोकस फिरवते, आणि निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये ती मोटर नाही. लेन्स बसते, फोकस मात्र हाताने. पाटाकडील विरुद्ध दिलबहार मॅच हाताने फोकस करून बघा एकदा! थोडक्यात, त्याच कंपनीत राहूनही या लेन्सपुरता फायदा शून्य. मग दुसरी कंपनी का नको?

शेवटी आपल्या धंद्यातलंच केलं. बग ट्रायेज! दोन वर्षांत टाकून दिलेले फोटो उघडले आणि प्रत्येकापुढे कारण लिहिलं: फोकस चुकला, प्रकाश कमी पडला, की क्षणच हुकला.

फुटबॉल आणि खंड्यात बहुतेक वेळा फोकस. डीएसएलआरमध्ये फोकसचा सेन्सर वेगळा असतो, त्याचे बिंदू फ्रेमच्या मध्याकडे जमलेले, आणि प्रत्येक फोटोला आरसा वर गेला की तो तेवढ्यापुरता आंधळा. मिररलेस फोटोच्या सेन्सरवरूनच फोकस करतो, आणि नवे कॅमेरे पक्ष्याचा डोळासुद्धा ओळखतात. हा बग कॅमेरा बदलून सुटणारा.

दाजीपूरचं उलटं. दाट झाडी, पहाटेची वेळ, सगळा खेळ प्रकाशाचा. परवडणाऱ्या १००-४०० लेन्सचं तोंड ४०० ला एफ/८. एफ/२.८ पेक्षा तीन स्टॉप कमी, म्हणजे आठपट कमी प्रकाश. शटर तेच ठेवलं तर १६०० चा आयएसओ थेट १२८००! इथे बाबांची लेन्सच बरी. गवा केवढा मोठा, जवळ असला तर २०० पुरते.

क्षण हुकणे या बगवर कुठल्याच कंपनीकडे पूर्ण पॅच नाही. असो.

पैशाचा प्रश्न उरलाच. बाबांची लेन्स विकली असती तर हप्ता बराच कमी झाला असता. चाचरत विषय काढला. बाबा म्हणाले, "अरं, रोलवरनं डिजिटलवर आलो तवा मी काय रडत बसलो व्हय? फोटो गावला पायजे, बास. ईक की."

त्यांनी इतक्या सहज म्हटल्यावर विकायचं माझं मनच होईना. आणि माझ्या यादीनुसार विकायची गरजही नव्हती. दुसऱ्या कंपनीचा मिररलेस आणि १००-४०० हप्त्यावर घेतली, फुटबॉल आणि पक्ष्यांसाठी. जुनी बॉडी आणि ८०-२०० जंगलासाठी ठेवली. बाकीच्या बारीकसारीक लेन्स विकल्या. आपण सर्व्हरवर दोन व्हर्जन शेजारी शेजारी चालवतोच ना?

तेव्हा भावांनो, रिव्ह्यू वाचण्याआधी स्वतःचे फेकलेले फोटो बघा. त्यात कॅमेऱ्याचे बग जास्त निघाले तर खुशाल बदला. प्रकाशाचे निघाले तर पैसे लेन्सवर घाला. आणि हप्ता किती ते आईला आधीच सांगून टाका!