चौकटीचा खालचा कोपरा

जुन्या घराची खिडकी मरते ती खालच्या कोपऱ्यातून. वरचं आडवं लाकूड शंभर वर्षांनीही ठोकलं तर ठणठण वाजतं. गज जागच्या जागी असतात, झडपेवरच्या नक्षीची एक पाकळी उडालेली नसते. पण उभं लाकूड खालच्या लाकडात जिथं शिरतं तिथं पटाशी टेकवली, तर ती दाब न देता आत जाते आणि बाहेर येतो चहाच्या चोथ्यासारखा काळा भुसा. धुळं, अमळनेर, एरंडोल, चोपडा, जिथं जिथं चौकटीला हात लावला तिथं दुखणं हेच.

कारणही बहुतेक एकच असतं. पांढऱ्या मातीची जाड भिंत पावसात ओल घेते आणि उन्हात सोडून देते. तिला तेवढं करू दिलं तर लाकडाला काही होत नाही. मग कुणी तरी बाहेरून सिमेंटचा गिलावा करतो. ओल आत कोंडली जाते आणि तिला बाहेर पडायला वाट उरते ती चौकटीच्या सांध्याची. खिडकी सडली म्हणून सुताराला बोलावतात, पण आधी तो गिलावा खरवडायला गवंडी बोलवायला हवा. मी प्रत्येक घरात हे सांगतो. ऐकणारे थोडे.

सडका भाग कापून नवा तुकडा जोडणं कोणताही सुतार करील. अडतं ते छेदाच्या मागच्या अर्ध्यात. छेद तिरपा घ्यायचा, उतार बाहेरच्या अंगाला, म्हणजे वरचं जुनं लाकूड नव्या तुकड्यावर पांघरलं जातं आणि पाणी बाहेर निथळतं. पण चौकट भिंतीत रुतलेली असते, मागे करवत चालायला जागा नसते. पुढचा अर्धा छेद डोळ्यांनी घ्यायचा, मागचा बोटांनी. पटाशी फटीत सरकवायची आणि आवाजावरून ओळखायचं की धार लाकडात आहे, मातीत आहे की जुन्या खिळ्यावर. चौकट बाहेर काढली तर हे सगळं सोपं होतं. पण ती काढताना भिंत बसते. वर धाब्याच्या मातीचा भार असतो. टेकू कितीही द्या, पांढरी माती एकदा सुटली की ओंजळी-ओंजळीनं येतच राहते. म्हणून चौकट जागेवर ठेवूनच कोपरा बदलायचा, हा माझा हट्ट.

त्यात चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसते. धुळ्याचंच बघा. 1819 मध्ये कॅप्टन ब्रिग्जनं धुळ्याला खानदेशाचं ठाणं केलं. लांबून कारागीर आणवले, घर बांधणाऱ्यांना जागा सारामाफ दिल्या, वर उचलही दिली. त्या वसाहतीतून वाढलेल्या गल्ल्या आजही सरळ आहेत, नंबरांनी ओळखल्या जातात. गल्ल्या सरळ राहिल्या, घरं राहिली नाहीत. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते; पाया तिच्याबरोबर खालीवर होतो आणि खिडकी हळूहळू तिरपी होते. तिरप्या चौकटीत चोख काटकोनातला तुकडा बसवला, तर पहिल्या श्रावणात झडप अडकते. आणि तुकडा तिरपा घेतला, तर जमिनीवर ठेवून बघताना तो चुकलेला दिसतो. मालक विचारतो, मिस्त्री, वाकडं का कापलं? त्याला समजावता समजावता संध्याकाळ होते. मी कोन भिंतीचा घेतो, गुण्याचा नाही. यावर माझे धंदेबंधू माझ्याशी भांडले आहेत, भांडोत.

आता माझ्या अभिमानाबद्दल. माझा जोड दिसत नसे. नव्या तुकड्याच्या रेषा जुन्या लाकडाच्या रेषांशी जुळाव्यात म्हणून पाडलेल्या घरांच्या तुळयांचे तुकडे मी जमवून ठेवतो. आजच्या लागवडीच्या सागाला गाभा कमी, पांढरं लाकूड जास्त. वाळवी आधी त्यालाच गाठते. रंग जुळवायला गंजके खिळे व्हिनेगरमध्ये भिजवून त्याचं पाणी चढवायचं, सागावर ते हवं तसं काळवंडतं. शेवटी जवसाचं तेल. मालक चौकटीवरून हात फिरवत जोड शोधतो आणि त्याला तो सापडत नाही, या क्षणाची मला चटक होती. मजुरीपेक्षा जास्त. आजही आहे.

पण उजव्या हाताला कंप आला आहे. पुढचा अर्धा छेद अजून जमतो, मागचा नाही. तो आता भाचा घेतो. आयटीआय शिकलेला पोरगा, हात स्वच्छ, कान माझ्यापेक्षा तीक्ष्ण. जोड असा घट्ट बसवतो की मधून कागद जाऊ नये. आणि तिथंच थांबतो. रेषा जुळवत नाही, रंग चढवत नाही. सागाच्या दोन खुंट्या ठोकतो, त्यांची डोकी उघडी ठेवतो. मी भिजवलेल्या खिळ्यांची बरणी आणली तेव्हा म्हणाला, "मामा, जोड कसाले दपाडी ऱ्हायनात?" जोड लपवायचा कशाला, पन्नास वर्षांनी जो सुतार येईल त्याला जुनं कुठं संपलं हे दिसायला नको का, खुंटी कुठून ठोकून काढायची हे कळायला नको का, असं त्याचं म्हणणं. मी त्या दिवशी त्याच्याशी बोललो नाही.

पुढं एका वास्तुरचनाकारानं सांगितलं की जुन्या वास्तू जपणाऱ्यांनी 1964 मध्ये व्हेनिसला जी सनद केली, तिच्यात हेच आहे: नवा भाग जुन्याशी मेळ खावा, पण वेगळा ओळखू यावा. भाच्यानं ती सनद वाचलेली नव्हती. पटाशी धरता धरता तो तिथं पोचला, याचा मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं, कारण माझी बरणी मी कुणाच्या तरी पाठिंब्यावर टिकवू पाहत होतो. तरी मी पूर्ण मान्य केलेलं नाही. गल्लीतून जाणाऱ्याला घर अखंड दिसावं, यातही घराचा मान आहे असं मला वाटतं.

भाचा आणि मी निदान भांडतो ते लाकडावरून. बाकी ठिकाणी प्रश्न एका दिवसात मिटवतात: चौकट उपटायची, विटांनी भोक लहान करायचं, ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवायची. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो, आणि आपण अशी खिडकी घेतो जी कधीही अर्ध्याहून जास्त उघडत नाही. जुनी झडप पूर्ण उघडते, आणि दुपारी मिटली की ऊन बाहेर राहतं. उपटलेली चौकट व्यापारी घेऊन जातो, ती कुठल्या तरी हॉटेलात भिंतीवर टांगली जाते, मागे भिंत, पुढे दिवा. ज्या लाकडातून कुणी तरी रोज गल्लीत पाहिलं, त्यातून आता काहीच दिसत नाही. मला याचा राग येतो, आणि तो कमी व्हावा असं वाटत नाही. जुन्या जळगावातला चौधरी वाडा बहिणाबाईंमुळे राहिला, संग्रहालय झाला. पण बाकीच्या वाड्यांत राहून गेली ती साधी माणसं, त्यांच्या खिडक्यांसाठी कोण उभं राहणार?

सध्या एका घराच्या माडीवरच्या खिडक्या हाती आहेत. महिरप शाबूत, खालचे कोपरे गेलेले. ठरलं असं की गल्लीकडचा जोड मी झाकायचा, आतल्या अंगाचा भाच्यानं उघडा ठेवायचा आणि खुंटीशेजारी सन कोरायचं. "सनसंगे नाव बी टाकू का?" त्यानं विचारलं. नको, मी लगेच म्हणालो. या घराचं मूळ काम करणाऱ्या सुताराचं नाव मी झडपा उतरवून, गजांच्या खाचांत, चौकटीच्या मागे बोटं घालून शोधलं आहे. कुठंच नाही. एवढं काम करून त्यानं नाव टाकलं नाही, मग एक कोपरा बदलणाऱ्यानं कशाला टाकावं? तरी टाकावंसं वाटतं. भाच्याला हे अजून सांगितलेलं नाही, आणि आतल्या बाजूचं कोरीव काम उद्या सुरू होतं आहे.